एका पत्र्याखालचं भांडण

जुनं मोटरहोम म्हणजे एकाच पत्र्याखाली नांदणाऱ्या दोन वस्तू. एक गाडी आणि एक घर. दोघांचे स्वभाव उलटे. गाडी उभी राहिली की बिघडते आणि घर हललं की बिघडतं. उभ्या गाडीचे टायर तडकतात, बॅटरी बसते, ब्रेक धरून राहतात. धावत्या घराचे स्क्रू ढिले होतात, कपाटांची दारं उघडतात, पाइपांचे जोड पाझरतात. तुम्ही प्रवासाला निघा नाहीतर घरी बसा, दोघांपैकी एकाची कुरकुर ठरलेली. दुरुस्तीचं जे काही मला कळलंय ते या भांडणात मध्यस्थी करण्यापलीकडे फारसं नाही.

त्यात आम्ही सोलापूरकर. इथे या भांडणात तिसरा पक्ष असतो, ऊन.

आमची गाडी 1998 सालची टेम्पो ट्रॅव्हलर. आरसी बुकावर अजून बजाज टेम्पो असंच नाव आहे. कंपनीची फोर्स मोटर्स झाली ती 2005 मध्ये. हे मॉडेल भारतात 1987 मध्ये आलं, मर्सिडीजच्या टी वन व्हॅनवर बेतलेलं. इंजिनही त्याच घराण्यातलं, ओएम 616, चार सिलिंडरचं, 2.4 लिटर डिझेल. हेच इंजिन 1973 पासून मर्सिडीजच्या 240 डी मोटारीत बसत होतं. गल्लीतल्या पोरांना हे सांगितलं की ती आधी बोनेटकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि विचारतात, ‘काका, ॲव्हरेज किती देती?’

पूर्वी ही गाडी एका साखर कारखान्याच्या कामगारांची ने-आण करायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ती घेतली, सीटा काढल्या आणि आत दोघांपुरता पलंग, शेगडीचा ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि माठाला एक लाकडी कडं बसवून घेतलं. माठाची चेष्टा फार झाली. पण सोलापूरच्या कोरड्या हवेत माठ जेवढं गार पाणी देतो तेवढं द्यायला छोट्या फ्रिजला बरीच बॅटरी खावी लागते. कोकणात गेलो की माठ हात टेकतो, कारण तिथल्या दमट हवेत पाणी झिरपतं पण उडून जात नाही. तिथे मग शहाळं.

मोटरहोम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आतली सजावट येते. पडदे, दिवे, घडीचं टेबल. माझं मत विचाराल तर पहिलं वर्षभर आत एक खिळासुद्धा ठोकू नये. आधी छत. छत गळत असेल तर खालचा सगळा खर्च ओल्या भिंतीवर रंग दिल्यासारखा.

छत गळण्याचं कारण पावसात शोधतात, ते असतं उन्हात. एप्रिल-मेमध्ये इथला पारा 42-43 वर जाणं ही बातमीही नसते, आणि उन्हातला पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. पहाट आणि दुपार यांच्यात पत्र्याच्या तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर तीन मीटर लांबीचा पोलादी पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतो. तेवढीच ॲल्युमिनियमची पट्टी जवळजवळ दुप्पट वाढते आणि प्लास्टिक त्याहूनही जास्त. आता छताला भोक पाडून त्यात हवेसाठी प्लास्टिकची खिडकी बसवलेली, तिला ॲल्युमिनियमची चौकट, खाली पोलादी पत्रा. तीन वस्तू तीन गतींनी रोज ताणायच्या आणि आक्रसायच्या, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या, फटी बुजवणाऱ्या सीलंटने मधल्या मधे मरायचं. वरून ऊन त्याला कडक करत असतंच. उन्हाळाभर हे चालू राहतं, पण कुणाला पत्ता लागत नाही. पहिला वळीव आला की गादी भिजते आणि आपण पावसाला शिव्या देतो.

पाणी जिथे टपकतं तिथे भोक क्वचितच असतं. छताला आतून फासळ्या असतात. पाणी पुढच्या बाजूने शिरतं, फासळीवरून सरपटत जातं आणि मागच्या कपाटावर पडतं. गाडी कोणत्या उतारावर उभी आहे यावरही ते ठरतं. हे शोधायची माझी पद्धत अशी. आतलं अस्तर जिथे काढता येतं तिथे काढायचं आणि सांध्यांवर रांगोळी भुरभुरायची. मग बाहेरून तांब्याने पाणी ओतायचं, पण वरून नाही. खालच्या सांध्यापासून सुरुवात करून एकेक टप्पा वर जायचं, प्रत्येक टप्प्यावर थोडं थांबायचं. एकदम वरून ओतलं तर सगळं एकदम भिजतं आणि चोर सापडत नाही. आत टॉर्च घेऊन बसलेल्या माणसाला रांगोळीत पाण्याची वाट उमटलेली दिसते. आमच्याकडे आत बसण्याचं काम बायकोकडे. तिची नजर तीक्ष्ण आहे आणि रांगोळीही तिचीच.

शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. अशा गावात टेम्पोच्या छतावर तांब्या-तांब्याने पाणी ओतणाऱ्या माणसाकडे शेजारी कसे बघत असतील याची कल्पना बाहेरच्यांना यायची नाही. ‘अहो, आधी कुंड्यांना तरी घाला,’ हे वाक्य आतूनच आलं होतं. तेव्हापासून गाडीखाली कुंड्या मांडून मगच चाचणी होते.

भोक सापडलं की मोह होतो वरून सिलिकॉन फासायचा. हार्डवेअरच्या दुकानात ट्यूब मिळते, दहा मिनिटांचं काम. पण सिलिकॉनवर पुढे काहीच धरत नाही, ना रंग, ना दुसरं सीलंट, नवं सिलिकॉनसुद्धा नीट नाही. आमच्या गाडीच्या छतावर आधीच्या मालकांनी सिलिकॉनचे थरावर थर दिले होते. ते सगळं प्लास्टिकच्या पातीने खरवडून, पत्रा दिसेपर्यंत साफ करून, गंजावर रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग मारून, चौकटीखाली ब्यूटाइलची चिकट रबरी टेप आणि कडेने मोटारींच्या काचा चिकटवायला वापरतात ते पीयू सीलंट असं केलं. ते रबरासारखं ताणलं जातं, म्हणून टिकतं. काम संध्याकाळी करायचं, पत्रा निवल्यावर. दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर लावलं तर रात्री पत्रा आक्रसतो आणि ओल्या सीलंटला सुरकुत्या पडतात.

गाडी कुठे उभी करावी हा आमच्या घरातला जुना वाद. विजापूर रोडच्या आमच्या कॉलनीत एक मोठा कडुलिंब आहे. सावलीत उभी केली तर टायर, रबर, सीलंट सगळ्यांचं आयुष्य वाढतं. पण छताच्या कडेच्या पन्हाळीत पाला आणि लिंबोळ्या अडकतात, त्याखाली ओल राहते आणि पत्रा नेमका तिथेच कुजतो. शिवाय छतावरचं सोलर पॅनेल सावलीत निकामी. मी सावलीच्या बाजूचा. पाला झाडूने काढता येतो, उन्हाने गेलेला टायर परत येत नाही.

पॅनेलबद्दलही एक गंमत. लोक म्हणतात, सोलापूरला सोलर म्हणजे चांदी. ऊन भरपूर, पण पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. 25 अंशांच्या वर पॅनेल जितकं तापेल तितकी दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज घटते. छताला चिकटवलेलं पॅनेल 65 अंशांवर गेलं, की शंभरातले सोळा वॅट उन्हानेच खाल्ले. म्हणून ते पत्र्यापासून चार बोटं वर उचलून बसवायचं, खालून वारा खेळला पाहिजे. लेड-ॲसिड बॅटरीचंही तसंच. ती सतत दहा अंश जास्त उष्णतेत राहिली तर तिचं आयुष्य निम्म्यावर येतं असा ढोबळ हिशेब आहे. ती इंजिनाच्या बाजूला न ठेवता पलंगाखाली, पण हवा येईल अशा पेटीत ठेवली. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे पेटीला बाहेर उघडणारं भोक हवंच. मीटरवर 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, त्याखाली पंखा लावून झोपू नये. डिस्टिल्ड वॉटरकडे उन्हाळ्यात जास्त लक्ष.

पाण्याची टाकी आणि पंप हे घराचं खातं, आणि इथे कान लागतो. बारा व्होल्टच्या डायफ्रॅम पंपाला प्रेशर स्विच असतो. नळ उघडला की दाब पडतो, पंप सुरू. नळ बंद केला की दाब भरतो, पंप बंद. नळ कुणी उघडलेला नसताना रात्री पंप एखादा क्षण घरघरून गप्प बसला, परत काही वेळाने घरघरला, तर समजायचं, कुठेतरी थेंब जातोय. जोड ढिला, नाहीतर नळाचा वॉशर झिजलेला, नाहीतर पंपाच्याच आतला व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय. पंपानंतरचा कॉक बंद करून बघायचं. तरीही घरघर आली तर दोष पंपात. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की पंपाच्या जाळीवर आणि व्हॉल्व्हवर पांढरा थर धरतो. लिंबूसताचं पाणी टाकीत भरून गाडी थोडी हिंडवून आणायची, मग ते सोडून दोनदा स्वच्छ पाण्याने विसळायचं. पंप उघडायची वेळ निम्म्या वेळा येत नाही.

कानावरून आठवलं. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, साखर पेठेत एका कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखरेख आणि दुरुस्ती करणारे, होते. सोलापुरात कारखाना म्हटलं की यंत्रमागाचा. आत शिरलं की बाहेरच्याला नुसता खडखडाट. त्या खडखडाटात अण्णा मागांच्या रांगेतून चालत जायचे, मधेच थबकायचे आणि एका मागाच्या चौकटीवर तळवा टेकवायचे. आडवं सूत नेणारा धोटा उशिरा निघतोय, हे त्यांना हाताला कळायचं. सूत तुटण्याआधी. चादरींचे ते माग त्यांच्याहून वयाने मोठे होते. एकेक भाग बदलत बदलत चालत होते आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नव्हतं. या शहराला जुनं यंत्र टाकून द्यायची सवयच नव्हती. बाहेर सोलापूर म्हणजे चादर एवढंच माहीत. इथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्समधून 1992 पासून बनणारे कॅमशाफ्ट देशाबाहेरच्या मोटारींतही जातात, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

अण्णांचा तो तळवा मी गिअरच्या दांड्यावर ठेवून बघतो. डिसेंबरच्या सकाळी गाडी चालू केली आणि इंजिन पहिली काही सेकंदं थरथरलं, मागे पांढरा धूर सोडून मग शांत झालं, तर एखादा हीटर प्लग गेलेला असतो. या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या खोलीत पेटतं, मग सिलिंडरमध्ये येतं. ती खोली गार असली तर डिझेल पेटत नाही, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग. तो काढून बॅटरीवर लावून बघितला की लाल होतो का ते लगेच कळतं. याला लॅपटॉप लागत नाही. या गाडीत कॉम्प्युटर नाही, हीच तिच्या म्हातारपणाची सोय. नव्या गाडीचा एक सेन्सर रुसला की कंपनीची माणसं लागतात. हिच्यासाठी हैदराबाद रोडवर, मार्केट यार्डाच्या अंगाने गेलं की ट्रकवाल्यांची कामं करणारी गॅरेजं आहेत. पंप-नोझलवाला वेगळा, रेडिएटरवाला वेगळा, पाट्यांचा म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचा वेगळा. प्रत्येकाचं राज्य स्वतंत्र आणि दुसऱ्याच्या राज्याबद्दल प्रत्येकाचं मत वाईट.

आमच्या मिस्त्रींशी माझा एकच मतभेद आहे, थर्मोस्टॅटचा, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी तापमान बघून सोडणाऱ्या झडपेचा. गाडी तापते अशी तक्रार घेऊन गेलात तर पुष्कळ मिस्त्री पहिली गोष्ट करतात ती थर्मोस्टॅट काढून फेकायची. ‘सर, आपल्या गावात त्याचं काय काम? हितं थंडी हाय कुठं?’ त्यांचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड. पण थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो. इंजिन लवकर योग्य तापमानावर आणून तिथेच राखण्यासाठी असतो. तो काढला की गार इंजिन जास्त वेळ गारच धावतं, डिझेल जास्त पितं, झीज वाढते. आणि तापण्याचं खरं कारण लपून राहतं. ते असतं रेडिएटरच्या नळ्यांत. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलेलं, त्याचा क्षार आत बसलेला. रेडिएटरवाल्याकडून टाकी उघडून नळ्यांत सळ्या घालून साफ करून घ्यायचं आणि पुढे डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट. मिस्त्रींनी ऐकलं, पण थर्मोस्टॅट परत बसवताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

एका बाबतीत मात्र त्यांचंच खरं. ‘सर, हिंडवत जावा. उभी राहिली की गाडी मरती बघा.’ उभ्या गाडीचे आजार एकेक करून बघितले की हे पटतं. टायरची नक्षी नव्यासारखी असते, पण बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजून नव्हे, वय होऊन मरतात, त्यामुळे नक्षी बघून घेणारा फसतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 3 दर्जाचं नवं ऑइल 205 अंशांना उकळतं, ओल धरलेलं 140 ला. सोलापूरच्या सपाट रस्त्यांवर तुम्हाला हा फरक कधीच कळणार नाही. रत्नागिरीकडे आंबा घाट उतरताना कळेल, आणि कळायची ती जागा नव्हे. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी चालली असो वा नसो. आणि उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे महाभाग असतात, त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की डिझेल गाडीच्या ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप इंजिनावरच चालतो.

उंदीर राहिले. उभ्या गाडीत वायरी कुरतडतात. यावर मी ऐकलेले सगळे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

सुतारकामाचंही सांगायला हवं. आमचे सुतार कामाला पक्के, पण त्यांनी जन्मभर भिंतीला टेकलेली कपाटं केलेली. त्यांनी पहिल्यांदा 19 मिलिमीटरचं प्लाय काढलं. आठ बाय चारचा असा एक तावच 35-40 किलोंचा. अशा चार तावांचं सामान केलं तर दोन माणसं कायम गाडीत बसवून हिंडल्यासारखं. 12 चं प्लाय पुरतं, काही जागी 6 चंही. नुसत्या स्क्रूंवर भरवसा नको; जिथे जमेल तिथे नट-बोल्ट आणि नायलॉन कड्याचा नट, जो थरथरीने सुटत नाही. वजन डाव्या-उजव्या बाजूला सारखं. आमची टाकी उजवीकडे होती, म्हणून गॅस, बॅटरी आणि भांडी डावीकडे नेली. तरी मागचा उजवा पाटा थोडा बसलाच. टाकी भरली की तिथे शंभर किलो वाढतात, त्याला पाटा तरी काय करणार.

गॅस म्हणजे पाच किलोचा सिलिंडर. याबाबतीत काटकसर नाही. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर वर उडून जात नाही, फरशीवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट गाडीखाली उघडणारं भोक. वर जाळी लावून उपयोग नाही. सिलिंडरच्या कड्यावर तपासणीची मुदत असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं पुढे डीपर्यंत, आणि शेजारी वर्ष. घरी सिलिंडर घेताना कुणी बघत नाही. गाडीत ठेवायचा असेल तर बघावं. नळी पाच वर्षांनी बदलायची. आणि प्रत्येक लांबच्या प्रवासातून आलं की जोडांवर साबणाचा फेस, कारण घर हललेलं असतं.

इतकं करून हिंडतो किती? खरं तर नळदुर्ग, नान्नजचं माळढोक अभयारण्य असं जवळपासच जास्त. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले की गाडी दाराशी उभी राहून पाहुण्यांची खोली होते. पोरांना घरातल्या पलंगापेक्षा तिथेच झोपायचं असतं. तेव्हा घराची बाजू जिंकते आणि गाडी मागे पडते. मग यात्रा संपली की मी तिला मोहोळपर्यंत नेऊन आणतो, कारण नसताना. बायको कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून देते आणि विचारते, ‘नुसतं बॅटरीसाठी चाललात ना?’

सध्या गाडीच्या फिटनेस तपासणीची तयारी चालू आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, वर पर्यावरण कर. आतले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओकडून आरसीवर नोंदवून घ्यावे लागतात. ते आधीच करून घेतलं असलं तरी कागदांची फाइल पुन्हा लावतोय. जुनी गाडी म्हटलं की तपासणारा माणूस आधी खाली वाकतो, त्यामुळे चासीवरची माती धुऊन, गंजलेल्या जागा घासून रंग दिलाय. उजव्या पायरीखालचा पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड केला. त्याच्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून गंज लपवायचा सल्ला एका पेंटरने दिला होता, तो मानला नाही. हेडलाइटचा झोत नीट करून घेतला, मागची परावर्तक पट्टी नवी लावली, हॅंडब्रेकची वायर आवळली. मागचा पाटा तपासणीनंतर. वायपरची पाती तेवढी आणायची आहेत.